डेकचे लेजर कोण तपासणार?

अमेरिकेत मुलाने किंवा मुलीने घर घेतले, की इकडच्या आईवडिलांना फोनवर त्या घराचे जे वर्णन ऐकायला मिळते त्यात एक शब्द हमखास असतो, 'डेक'. हा डेक म्हणजे आपली ओटी नव्हे, पडवी नव्हे आणि गच्चीही नव्हे. घराच्या मागच्या भिंतीला जोडलेला, खांबांवर उचललेला, डोक्यावर आकाश असलेला तो लाकडी सज्जा. न्यू जर्सीत किंवा मिशिगनमध्ये थंडी सरली, की सारे घर तिथे मुक्कामाला येते. मुलांचे वाढदिवस तिथे, शनिवारच्या पंगती तिथे, आणि सहा महिन्यांसाठी गेलेल्या आजोबांचा सकाळचा चहाही तिथेच.

उघड्यावरच्या लाकडाची पाण्याशी कायमची देवघेव असते. पाणी मुरते, हिवाळ्यात गोठून फुगते, चिरा पाडते. वरून उन्हाचा तडाखा. म्हणून दोन-तीन वर्षांनी डेक धुवायचा, वाळवायचा आणि पाणी मुरू न देणारे द्रव्य त्यावर चढवायचे. तिकडे याला 'सील करणे' म्हणतात. हे काम करणारे व्यावसायिक वसंत ऋतू लागला की घरोघर हिंडू लागतात. आपल्या मध्यमवर्गीय मनाला मात्र पहिला प्रश्न पडतो तो असा, की धुवायपुसायला माणूस कशाला? यंत्र भाड्याने मिळते, शनिवारही मोकळा असतो.

माझे मत असे, की माणूस बोलवावा. काम दिसते तितके सोपे नाही. पाण्याचा झोत फाजील जोराचा झाला तर नरम पाइनचे तंतू उखडतात आणि फळी केसाळ होते. लाकूड पुरते वाळू न देता सील केले तर ओल आतच कोंडते आणि रंगाचे पापुद्रे निघतात. जुना डेक घासताना तर जपायलाच हवे. 2003 च्या अखेरपर्यंत तिकडे घरगुती बांधकामाच्या लाकडात, ते कुजू नये आणि कीड लागू नये म्हणून, आर्सेनिक असलेले द्रव्य सर्रास भरत. असे लाकूड पॉलिश पेपरने घासले की उडणारी धूळ विषारी. तेलकट द्रव्य पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. हे सारे जाणणाऱ्या माणसाला चार पैसे द्यावेत आणि त्यात घासाघीस करू नये.

माझा आक्षेप पुढे आहे. आपण त्याला पैसे देतो ते कशाचे? बहुतेक वेळा रंगाचे. आणि डेक काही रंग उडाला म्हणून कोसळत नाही.

डेकची एक बाजू ज्या आडव्या तुळईच्या आधारे घराच्या भिंतीला धरलेली असते, तिला तिकडचे सुतार 'लेजर' म्हणतात. बँकेत आयुष्यभर लेजरवर मान मोडलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकून हसू आले. पण नाव चपखल आहे. सारा हिशेब तिथेच असतो. डेक कोसळतो तो बहुधा याच जोडापाशी. भिंत आणि लेजर यांच्या फटीत पाणी जाऊ नये म्हणून वरून पत्र्याची पट्टी लागते. ती नसली की लाकूड आतून कुजते. बोल्टऐवजी नुसते खिळे ठोकलेले असले, तर भार आल्यावर ते सुटून येतात. शिवाय आर्सेनिकच्या जागी आलेली तांबेयुक्त द्रव्ये साध्या खिळ्यांना लवकर गंजवतात. यातले काहीही वरून दिसत नाही. वर फळ्या नव्या नवरीसारख्या नटलेल्या असतात.

हे कल्पनेतले भय नाही. 29 जून 2003 रोजी शिकागोत एका इमारतीचे एकावर एक चढवलेले लाकडी सज्जे पार्टी चालू असताना कोसळले. 13 माणसे गेली. 16 जून 2015 रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे एक बाल्कनी तुटली आणि सहा तरुण जीव गेले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. बाल्कनीच्या आधाराचे लाकूड पाणी मुरून कुजले होते. त्यानंतर त्या राज्याने 2018 आणि 2019 मध्ये कायदे केले. भाड्याच्या बहुघरी इमारतींत दर सहा वर्षांनी, तर मालकीच्या सदनिकांच्या संकुलांत दर नऊ वर्षांनी अशा उंचावरच्या भागांची तपासणी सक्तीची झाली. एकट्या घरामागचा डेक मात्र या कायद्यांच्या बाहेरच राहिला. तिथला तपासनीस एकच, घरमालक.

बँकेत तारण मालाची तपासणी असे. गोदामातली पुढच्या रांगेची पोती मोजून परतणारा अधिकारी आणि मागच्या थप्पीत हात घालून पाहणारा अधिकारी, दोघांच्या अहवालावरची सही सारखीच दिसते. फरक कळतो तो कर्ज बुडाल्यावर. डेकवाल्याला बोलावताना हे ध्यानात ठेवावे. त्याला आधी बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन डेकखाली जायला सांगावे. खांबांचे पाय आणि लेजर टोचून पाहावे. टोक सहज आत गेले तर लाकूड गेले. बोल्टांचा गंज पाहावा, कठडा हलवून पाहावा. काय आढळले ते कागदावर लिहून घ्यावे आणि मगच रंगाचे बोलावे. शंका आली तर दुरुस्तीच्या कामात ज्याचा नफा नाही अशा तज्ज्ञाला दाखवावे. आणि या पाहणीचे पैसे वेगळे द्यावेत, पुढे काम निघो वा न निघो. ज्याची सारी कमाई रंगावर आहे तो फळीखाली वाकेल कशाला? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वाकण्याचे पैसे आपणच देत नाही.

कोकणात पावसाआधी कौले परतायला माणूस चढे, तेव्हा तो नुसती कौले परतत नसे. एखादा वासा पोकळ लागला, रीप वाळवीने खाल्लेली दिसली, तर वरूनच घरधन्याला हाक मारून सांगे. निगा राखणे आणि पाहणे ही दोन कामे नव्हती. आता कामे सुटी झाली. धुणारा वेगळा, रंगवणारा वेगळा, आणि पाहणारा कुणीच नाही. आपल्या शहरांतल्या गळक्या गच्च्यांवर वर्षानुवर्षे डांबराचे थर चढतात, तेही याच न्यायाने.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात मुलगा किंवा मुलगी फोनवर 'बाबा, डेक करून घेतला' म्हणाली, तर रंग कोणता दिला, असे विचारू नका. खाली कोण वाकले होते, ते विचारा.