खाऱ्या पाण्यात पडलेला कॅमेरा

कुंभकोणमजवळ कावेरीच्या काठी तिरुविसनल्लूर हे गाव आहे. तंजावरचे मराठे राजे शहाजी (राज्यकाल 1684 ते 1712) ह्यांनी ते विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्यावरून त्यास शहाजीराजपुरम असेही नाव पडले. मराठी इतिहासाच्या ओढीने येथवर आलेल्या कुटुंबास पूंपुहार वा तरंगंबाडीचा समुद्र फार दूर नाही. तेथे एखादी लाट अंगावर येते आणि हातातील छोटा कॅमेरा भिजतो. अशा वेळी काय करावे?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यातून वीज सहज वाहते. बॅटरी आत असली की कॅमेऱ्यातील तांब्याच्या सूक्ष्म रेषा काही मिनिटांतच झिजू लागतात. पाणी सुकल्यावर मागे राहिलेले मीठ हवेतील ओल पुनःपुन्हा शोषून घेते आणि गंज चढतच राहतो. म्हणून ‘चालतो का पाहू’ असे म्हणून बटण दाबणे हे सर्वांत घातक होय.

प्रथम बॅटरी आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. खाऱ्या पाण्यात भिजलेली बॅटरी पुन्हा भारित करू नये. ती पेट घेण्याचा धोका असतो. नंतर, विचित्र वाटले तरी, कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून दोन-तीनदा पाणी बदलावे. मीठ सुकण्यापूर्वीच हे झाले पाहिजे. शेवटचे पाणी ऊर्ध्वपातित असावे; इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी ते दुकानात मिळते. मग सर्व झाकणे उघडी ठेवून कॅमेरा सावलीत, पंख्याखाली आठवडाभर वाळवावा. कडक ऊन किंवा केस वाळविण्याचे यंत्र वापरू नये. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने मीठ जात नाही, उलट पीठ व धूळ आत शिरते. एवढे करूनही कॅमेरा वाचेलच असे नाही. परंतु दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती काही आशा उरते.

जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात फिल्म असेल तर ती वाळू देऊ नये. तिचे थर एकमेकांस चिकटतात. अंधारात, गोड्या पाण्यात ठेवून ती त्वरित धुण्यास द्यावी.

तथापि यंत्राहून चित्रे मोलाची. 1915 साली दक्षिण ध्रुवाकडे निघालेले ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात चिरडले गेले, तेव्हा छायाचित्रकार फ्रँक हर्ली ह्याने बर्फाळ पाण्यात उतरून काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या बाहेर काढल्या. डाख देऊन बंद केलेल्या असल्याने आतील काचा सुरक्षित होत्या. ओझे कमी करण्यासाठी त्यांपैकी 120 ठेवून सुमारे 400 त्यास फोडाव्या लागल्या. मोठे कॅमेरेही त्याने तेथेच टाकले. जवळ ठेवला तो खिशात मावणारा एक कोडॅक आणि तीन फिल्म.

आज काचांची जागा मेमरी कार्डाने घेतली आहे. त्यातील चित्रे साठविणारा भाग प्लॅस्टिकमध्ये बंदिस्त असल्याने ती बहुधा शाबूत निघतात. कार्ड गोड्या पाण्यात धुवावे, दोन दिवस वाळवावे, मगच संगणकात घालावे. आणि प्रवासात रोज रात्री दिवसभराची चित्रे दुसरीकडे उतरवून ठेवण्याचा नेम घरातील एका मुलाकडे सोपवावा. मग लाटेने कॅमेरा नेला, तरी आजी-आजोबांसह काढलेले चित्र घरी परत येईल.