महाभियोग: मतं कुठून आणायची?

आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर अमेरिकेचं राजकारण हा बटाट्याच्या भाजीइतकाच नेहमीचा पदार्थ आहे. अर्धी टीम तिकडे जाऊन आलेली, उरलेली जायच्या तयारीत. परवा विषय निघाला महाभियोगाचा, आणि एकाने ठामपणे सांगून टाकलं, "क्लिंटनला महाभियोग लावून काढला होता ना!" काढला नव्हता हो. क्लिंटनसाहेब दुसरी टर्म पूर्ण करून जानेवारी २००१ मध्ये घरी गेले. हा गोंधळ बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो, म्हणून म्हटलं या शनिवारी यावरच लिहू.

आधी मुळातला प्रश्न. हे झंझट हवंच कशाला? आपल्याकडे पंतप्रधानाला घालवायला कसलाही गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावे नाहीत. बहुमत गेलं, खुर्ची गेली. अमेरिकेच्या अध्यक्षाची मुदत मात्र चार वर्षांची आणि पक्की. संसदेला नकोसा झाला म्हणून तो जात नाही. मग मधेच तो डोईजड झाला तर? त्यासाठी हा आपत्कालीन दरवाजा.

तो किती रुंद ठेवायचा यावर १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिताना वाद झाला, आणि त्यात चक्क आपला संबंध आहे! शाळेच्या इतिहासातला वॉरन हेस्टिंग्ज आठवतो? त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने त्याच्यावर महाभियोग लावला होता (एडमंड बर्कने काढलेल्या मूळ आरोपांच्या यादीत मराठ्यांशी केलेलं युद्ध आणि तह हेही एक कलम होतं). जॉर्ज मेसनचा मुद्दा असा, की हेस्टिंग्जने देशद्रोह केलेला नाही, तेव्हा नुसतं 'देशद्रोह आणि लाच' लिहिलं तर असले लोक सुटतील, 'गैरकारभार'ही घाला. मॅडिसन म्हणाला, इतका सैल शब्द घातला तर अध्यक्ष सेनेटच्या मर्जीवर जगेल. शेवटी ठरलं 'हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स'. म्हणजे फौजदारी गुन्हाच हवा असं नाही, पण नुसती नावडही पुरत नाही.

आता रीत. प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं, याला म्हणायचं महाभियोग. आपल्या भाषेत, चार्जशीट दाखल झालं. मग सेनेटमध्ये खटला चालतो आणि हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश 'दोषी' म्हणाले तरच अध्यक्ष जातो. शिक्षा म्हणजे पद जातं, आणि पुन्हा पद घ्यायला बंदी घालता येते. बस्स. तुरुंगात टाकायचं असेल तर नेहमीच्या कोर्टात वेगळा खटला.

आजवर हे तीन अध्यक्षांवर चार वेळा झालंय: अँड्र्यू जॉन्सन (१८६८), क्लिंटन (१९९८) आणि ट्रम्प (२०१९ आणि २०२१). सेनेटने दोषी ठरवलेले: शून्य. जॉन्सन ३५ विरुद्ध १९ असा, एका मताने वाचला. निक्सनचं नाव या यादीत नाही, कारण त्याने आधीच राजीनामा दिला. पण का दिला ते बघा. ऑगस्ट १९७४ मध्ये त्याच्याच पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर आणि आणखी दोन नेते त्याला भेटले, आणि सेनेटमध्ये तुझ्या बाजूने फारशी मतं उरली नाहीत असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर राजीनामा.

माझा मुद्दा इथेच आहे. महाभियोग कायद्याच्या पुस्तकात कितीही भारदस्त दिसला, तरी शेवटी प्रश्न एकच उरतो: त्याच्याच पक्षातली किती माणसं त्याच्या विरोधात जातील?

१३ फेब्रुवारी २०२१ चं उदाहरण घ्या. ६ जानेवारीच्या दंग्याला चिथावणी दिल्याचा ट्रम्पवर आरोप. ५७ दोषी म्हणाले, ४३ निर्दोष. हवे होते ६७. रिपब्लिकन पक्षातले १७ लागत होते, आले ७. पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल यांनी 'निर्दोष' असं मत दिलं आणि मग तिथेच भाषण केलं, की घडल्या प्रकाराला ट्रम्पच जबाबदार आहेत! माजी अध्यक्षावर असा खटला चालवता येत नाही, हे त्यांचं कारण.

आता दक्षिण कोरिया. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष युन सुक-योल यांनी टीव्हीवरून मार्शल लॉ जाहीर केला. सैनिक संसदेत घुसले, खासदार भिंतीवरून उड्या मारून आत गेले आणि हजर असलेल्या १९० जणांनी एकमताने तो उठवायला लावला. ७ तारखेला महाभियोगाचा ठराव आला तेव्हा सत्ताधारी पक्ष जवळजवळ सगळा सभागृहातून उठून गेला आणि ठराव बारगळला. ३०० पैकी २०० मतं लागतात, विरोधक होते १९२. आठवड्याने पुन्हा मतदान झालं आणि २०४ मतं पडली. म्हणजे पलीकडचे निदान १२ आले. ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाने ८-० अशा निकालाने युन यांना काढलं. २०१७ मध्ये पार्क ग्यून-हे यांनाही असंच काढलं होतं.

कोरियन खासदार काय जास्त शूर असतात? मला नाही वाटत. तिथे शौर्य कमी लागतं. एक तर हे मतदान गुप्त असतं. दुसरं, खासदाराला फक्त 'कोर्ट ठरवू दे' एवढंच म्हणायचं असतं. अमेरिकन सेनेटरला आपलं नाव पुकारल्यावर उभं राहून, सगळ्या देशासमोर, आपल्याच नेत्याला स्वतःच काढावं लागतं. मॅनेजरबद्दल निनावी फॉर्मवर लिहिणं वेगळं आणि मीटिंगमध्ये त्याच्यासमोर उभं राहून बोलणं वेगळं, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको!

यावर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. गुप्त मतदानामुळे आपल्या खासदाराने काय केलं हे मतदाराला कळत नाही. आणि लोकांनी निवडलेल्या अध्यक्षाला न निवडलेल्या न्यायाधीशांनी काढायचं? पण २००४ मध्ये संसदेने रो मू-ह्युन यांच्यावर महाभियोग लावला तेव्हा याच न्यायालयाने त्यांना पदावर परत बसवलं होतं. कुलूप दोन किल्ल्यांचं आहे, ते दोन्हीकडून उपयोगी पडतं.

आपल्याकडेही वेगळं काही नाही. १९९३ मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावर चौकशी समितीने ठपका ठेवला होता, तरी लोकसभेत काँग्रेसचे खासदार तटस्थ राहिले आणि ठराव पडला. पुरावा होता, मतं नव्हती.

म्हणून मला विचाराल तर माणसं धीट असतील असं गृहीत धरून नियम लिहू नयेत. साध्या, घाबरट, पुढच्या तिकिटाची काळजी असलेल्या माणसालाही योग्य मत देता येईल असे ते असावेत. तोवर महाभियोगाची बातमी आली की आरोप जरूर वाचा, पण आधी गणित करा: मतं किती लागतात, आणि ती कोणाच्या बाकांवरून येणार?