वॅगन आर की टियागो? टिटवाळ्याच्या रस्त्यावरचे गणित

कोणती गाडी घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर मराठी मध्यमवर्गीय घरात आजवर एकाच शब्दात दिले गेले आहे : ॲव्हरेज. एक लिटरला किती जाते, हे विचारून झाल्याशिवाय रंगाची चर्चासुद्धा सुरू होत नाही. मारुती ८०० च्या काळात ते योग्यही होते. बाजारात पर्याय मोजके होते आणि उत्पन्नाच्या मानाने पेट्रोल महाग होते. १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका, पाठोपाठ १९९९ च्या अखेरीस वॅगन आर आली, निवड वाढली. पण मोजपट्टी तीच राहिली. आज टिटवाळ्यातील एखादे कुटुंब पहिली गाडी घ्यायला निघते, तेव्हा ही मोजपट्टी त्याची दिशाभूल करण्याचाच संभव अधिक.

प्रश्न पुन्हा ऐरणीवर येण्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. त्या वेळी जाहीर झालेल्या किमतींनुसार वॅगन आरची एक्स-शोरूम किंमत ४ लाख ९९ हजारांच्या आसपास, तर टियागोची सुमारे ४ लाख ५७ हजारांपासून सुरू झाली. या अर्थातच सर्वांत साध्या प्रकारांच्या किमती. तरीही दुचाकीवर पावसाळे काढणाऱ्या अनेक घरांना चारचाकी प्रथमच आवाक्यात आल्यासारखी वाटली. कल्याण, शहाड, आंबिवली, टिटवाळा हा पट्टा अशाच घरांचा आहे. मुंबई-ठाण्यात घर परवडले नाही म्हणून कसारा मार्गावर एकेक स्थानक पुढे सरकत आलेली ही वस्ती आहे.

गाडीमागची भीती

गाडीची इच्छा निव्वळ हौसेतून येत नाही, हे मान्य करायला हवे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून टिटवाळा सुमारे ६४ किलोमीटर. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतील प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. त्यातील एक गाडी कसाऱ्याहून आलेली होती. त्यानंतर या पट्ट्यातील किती घरांत ‘आता गाडीच घेऊ’ हे वाक्य उच्चारले गेले असेल, याची कल्पना करता येते.

परंतु भावनेच्या भरात एक साधा हिशेब नजरेआड होतो. टिटवाळ्याहून रोज मोटारीने मुंबई गाठणे बहुतेकांना शक्य नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला खरा. पण शहाड, दुर्गाडी, भिवंडी बायपास किंवा शिळफाटा येथील कोंडीत जाणारा वेळ कोणी माफ केलेला नाही. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ मध्ये पाडल्यानंतर नवा पूल खुला व्हायला जानेवारी २०२१ उजाडले, त्या काळाच्या आठवणी इथल्या वाहनचालकांच्या मनात ताज्या आहेत. मोठागाव-दुर्गाडी-टिटवाळा या बाह्यवळण रस्त्याचे कामही टुकड्याटुकड्यानेच पुढे सरकत आले आहे. तेव्हा गाडी आली, तरी नोकरीसाठी लोकल सुटत नाही. मोटारीच्या वाट्याला येते ते निराळेच काम : पहाटे स्थानकापर्यंत सोडणे, कल्याणचा दवाखाना, मुलांची शाळा-शिकवणी, रविवारची खरेदी, गावाकडचे लग्न आणि पाहुण्यांना महागणपतीचे दर्शन.

अशा वापरात महिन्याला तीनशे ते पाचशे किलोमीटर भरतात. निवडीचा खरा आधार हा आकडा आहे.

ॲव्हरेजची किंमत किती?

वॅगन आरच्या एक लिटर इंजिनाचा कंपनीने सांगितलेला आकडा लिटरला सुमारे २४ किलोमीटर, तर टियागोचा २० च्या घरात. प्रत्यक्षात शहाडच्या पुलावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना हे आकडे कोणाच्याच हाती लागत नाहीत. वॅगन आर १७ आणि टियागो १४ देते, असे धरू. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले, तर वॅगन आरचा खर्च किलोमीटरला सुमारे ६ रुपये १० पैसे आणि टियागोचा ७ रुपये ४० पैसे. महिन्याला ४०० किलोमीटर चालणाऱ्या घरात हा फरक सव्वापाचशे रुपयांच्या आसपास जातो. चौघांचे एकदा बाहेर जेवण म्हणा ना!

आता दुसरी बाजू पाहा. पाच लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १०,३८० रुपये पडतो. गाडी महिन्याला ४०० किलोमीटर चालली, तर प्रत्येक किलोमीटरमागे २६ रुपये नुसत्या हप्त्याचे झाले. त्यावर इंधनाचे सहा की सात, याचा खल आपण तासन्‌तास करतो आणि २६ रुपयांकडे मात्र डोळेझाक करतो. वीस-पंचवीस हजार वाढवून वरचा प्रकार घ्यावा का, हा प्रश्नही म्हणूनच विक्रेत्यासमोर सोडवण्याऐवजी घरी बसून सोडवलेला बरा.

सीएनजीचे गणितही याच अंगाने तपासावे. तोच प्रकार पेट्रोलऐवजी सीएनजीत घेतला, तर किंमत सुमारे नव्वद हजारांनी चढते. राज्यात सीएनजी मोटारीचा कर जुलै २०२५ मध्ये एका टक्क्याने वाढला, तरी तो पेट्रोल मोटारीपेक्षा कमीच राहिला. ती सवलत वजा करून प्रत्यक्ष फरक ऐंशी हजार धरू. सीएनजी ८० रुपये किलो आणि किलोला २४ किलोमीटर धरले, तर पेट्रोलच्या तुलनेत किलोमीटरला सुमारे २ रुपये ८० पैसे वाचतात. महिन्याला १५०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे ऐंशी हजार दीड वर्षाच्या आसपास वसूल होतात. महिन्याला ४०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला त्यासाठी जवळजवळ सहा वर्षे लागतात. तोवर गाडी विकण्याचे विचार सुरू झालेले असतात. रोज भिवंडी, अंबरनाथ किंवा ठाण्यापर्यंत मोटारीनेच जावे लागणाऱ्याला सीएनजी वरदान आहे. स्थानकावर गाडी उभी करून लोकल पकडणाऱ्याला नाही. शिवाय पंपावरची रांग आहेच. १६ नोव्हेंबर २०२५ रोजी गेलच्या वाहिनीत बिघाड झाल्यानंतर मुंबई-ठाण्यात सीएनजीसाठी लागलेल्या रांगा विसरण्याजोग्या नाहीत.

सीएनजी घ्यायचेच ठरले, तर दोन्ही गाड्यांतील एक व्यावहारिक फरक लक्षात ठेवावा. वॅगन आरमध्ये साठ लिटरची टाकी मागची जागा जवळपास गिळून टाकते. गणपतीला गावी निघालेल्या कुटुंबाच्या बॅगा मग मांडीवर येतात. टाटांनी २०२३ पासून टियागोत दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, त्यामुळे वरची काही जागा शिल्लक राहते. सीएनजीबरोबर क्लचविरहित गिअरची सोयही टियागोने फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात प्रथम दिली. कोंडीत डावा गुडघा धरणाऱ्यांना तिचे मोल वेगळे सांगायला नको.

जागा, गुडघे आणि गल्ल्या

पैशांचा फरक इतका किरकोळ ठरला, की निवड खऱ्या निकषांवर येऊन ठेपते. पहिला निकष, गाडीत बसणार कोण? वॅगन आरची उंची १,६७५ मिलिमीटर, टियागोची सुमारे १,५३५. कागदावर हे अंतर जेमतेम वीतभर असले, तरी गुडघेदुखी असलेल्या आजीला ते पहिल्याच दिवशी जाणवते. वॅगन आरमध्ये खुर्चीत बसावे तसे सरळ बसता येते; टियागोत खाली वाकून शिरावे आणि हात टेकून उठावे लागते. घरात साठीच्या पुढची माणसे असतील आणि गाडीचा मुख्य उपयोग दवाखाना व देवळापुरता असेल, तर वॅगन आरच्या बाजूने हा एकच मुद्दा पुरेसा आहे. ती रुंदीलाही टियागोपेक्षा पाचेक सेंटिमीटरने कमी आहे. अंगारकी चतुर्थीला मंदिराच्या रस्त्यावर रिक्षा, हातगाड्या आणि भाविक यांतून वाट काढणाऱ्याला त्या पाच सेंटिमीटरांचे महत्त्व कळते. या गाडीची विक्रीही काही उगीच होत नाही; २०२४-२५ या आर्थिक वर्षात ती देशात सर्वाधिक खपलेली मोटार होती.

विम्यातही थोडा फरक पडतो. नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीयपक्ष विमा एकदम काढावा लागतो. २०२२ च्या दरपत्रकानुसार १००० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी तो ६,५२१ रुपये, त्यावरील १५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी १०,६४० रुपये होता. वॅगन आरचे लहान इंजिन ९९८ सीसीचे असल्याने पहिल्या गटात, तर टियागोचे ११९९ सीसीचे असल्याने दुसऱ्या गटात मोडते.

वर्षातले चार दिवस

दुसरा निकष अधिक गंभीर आहे. आपण गाडी रोजच्या वापरासाठी घेतो, पण तिच्यातून वर्षातले काही दिवस मुरबाडमार्गे माळशेज घाटात किंवा पडघ्याहून मुंबई-नाशिक महामार्गावरही जातो. टिटवाळ्याच्या आतल्या रस्त्यांवर वेगच मिळत नाही, त्यामुळे तेथील धडकेत बहुधा दिवे आणि बंपर फुटतात. महामार्गावर, ट्रकांच्या संगतीत, पाच जण बसलेल्या गाडीत परिस्थिती निराळी असते.

ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचण्यांत टियागोला २०२० मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, लहान मुलांसाठी तीन. वॅगन आरला २०१९ मध्ये दोन तारे होते. २०२३ मध्ये, अधिक कठोर केलेल्या निकषांवर, ती प्रौढांसाठी एका ताऱ्यावर आणि लहान मुलांसाठी शून्यावर आली. येथे न्याय्य तुलना २०१९ आणि २०२० च्या निकालांचीच होऊ शकते, कारण टियागोची ती परीक्षा जुन्या, सोप्या निकषांवर झाली होती. तरीही दोन विरुद्ध चार हे अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. मे २०२५ मध्ये मारुतीने वॅगन आरच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग दिल्या, हे स्वागतार्हच. मात्र एअरबॅग वाढल्या म्हणून तारे आपोआप वाढत नाहीत. त्यासाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. भारताची स्वतःची ‘भारत एनकॅप’ योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून अस्तित्वात आहे. आपण घेत असलेल्या प्रकाराचा तेथील निकाल आहे का, हे ग्राहकाने विक्रेत्याला जरूर विचारावे आणि टियागो घेताना आपल्या प्रकारात किती एअरबॅग आहेत, हे कोटेशनवर लिहून घ्यावे. मागच्या आसनावरचा पट्टा न लावणाऱ्या कुटुंबाला मात्र कोणतेच तारे वाचवू शकणार नाहीत.

ॲव्हरेजचा फरक महिन्याला सव्वापाचशे रुपये निघाला होता. लहान मुले घेऊन वारंवार महामार्गावर जाणाऱ्या घराने ही रक्कम सुरक्षिततेच्या खात्यात टाकली, तर तो तोट्याचा व्यवहार म्हणता येणार नाही.

पाणी आणि पार्किंग

दोन्ही गाड्यांना सारखेच लागू असलेले दोन मुद्दे उरतात. काळू आणि उल्हास या नद्यांचा शेजार लाभलेल्या या भागात २६ जुलै २००५ च्या आठवणी अजून निघतात. सखल आवारात उभ्या गाडीच्या इंजिनात पाणी शिरले आणि मालकाने घाईने ती सुरू करून पाहिली, की इंजिन निकामी होऊ शकते. साध्या विम्यातून हे नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जोडकलम वेगळे घ्यावे लागते. इथल्या गाडीला सनरूफपेक्षा ते कलम अधिक उपयोगी.

दुसरा मुद्दा, गाडी उभी करायची कुठे? पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होऊ नये, अशी भूमिका परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये मांडली, तेव्हा तिच्यावर बरीच टीका झाली. तिची अंमलबजावणी कठीण असेल, पण तिच्यातला प्रश्न खोटा नाही. दोन इमारतींमधल्या गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या राहिल्या, तर रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचा बंब आत कसा जाणार? हक्काची जागा नसेल, तर गाडीचा निर्णय वर्षभर पुढे ढकलणे हेही एक उत्तर असू शकते. महिन्याला शे-दीडशे किलोमीटरच चालणार असतील, तर हप्त्याच्या रकमेत रिक्षा आणि अधूनमधून भाड्याची गाडी करून पैसे उरतात.

सोसायटीत स्वतःची जागा आणि तेथवर विजेची जोडणी असेल, तर २०२२ मध्ये आलेली विजेवरची टियागोही विचारात घ्यावी. छोट्या फेऱ्यांना ती साजेशी आहे. पण तिची जास्त किंमतही चालणाऱ्या किलोमीटरांतूनच वसूल होते, त्यामुळे सीएनजीचा इशारा तिलाही लागू पडतो.

सारांश इतकाच, की घरात वृद्ध असतील आणि फेऱ्या कल्याणपर्यंतच असतील, तर पेट्रोल वॅगन आर. मुले लहान आणि महामार्गावर नेहमीचे जाणे असेल, तर पेट्रोल टियागो. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या पुढे धाव असेल, तरच सीएनजी. शोरूममध्ये जाण्यापूर्वी महिनाभर घरातील प्रत्येकाच्या फेऱ्या वहीत लिहून काढाव्यात आणि चाचणी फेरीला आई-वडिलांना मागे बसवून जावे. गाडी घ्यावी लागतेच का आणि घेतल्यास कोणती, याचे उत्तर त्या वहीत आणि मागच्या आसनावर मिळून जाईल.