सुपारी आणि तसबीर

कला कशाला म्हणावे, या प्रश्नाची चर्चा मराठीत बहुधा ग्रंथांपासून सुरू होते आणि ग्रंथांपाशीच येऊन थांबते. फडके आणि खांडेकर यांच्या निमित्ताने ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद सामान्य वाचकापर्यंत पोहोचला. साने गुरुजींनी टॉल्स्टॉयचा ग्रंथ ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत आणला. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याचा विचार उभा केला आणि पुढे १९७४ मध्ये रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने या विचाराला शास्त्राची शिस्त दिली. या परंपरेविषयी पूर्ण आदर बाळगूनही एक गोष्ट खटकते. ज्या चित्रांनी आपल्या आजी-पणजींची दृष्टी घडविली, ती चित्रे या चर्चेच्या उंबरठ्याबाहेरच राहिली. मी राजा रविवर्मा यांच्या छापील तसबिरींविषयी बोलतो आहे.

त्यांचा इतिहास थोडक्यात सांगावयास हवा. रविवर्म्यांचा जन्म १८४८ चा, केरळातील किळिमानूरचा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगविली आणि ती प्रदर्शित झाली तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली. मात्र मूळ तैलचित्र राजवाड्यातच राहावयाचे. त्याच्या छापील प्रती काढाव्यात ही सूचना सर टी. माधवराव यांची. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरकडील मराठी कुळातले आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले हे गृहस्थ. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने मराठी घराच्या भिंतीवर केलेला हा उपकार आपण विसरलो आहोत! १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि अखेर एका जर्मन तंत्रज्ञाच्या हाती पडला. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासूनच देवादिकांची शिळाछापाची चित्रे काढण्यास प्रारंभ केला होता, त्यामुळे लोकांना अशा चित्रांची ओळख होतीच. रविवर्म्यांच्या तसबिरींनी त्या ओळखीचे वेडात रूपांतर केले.

विद्वानांचा निकाल मात्र लौकरच विरुद्ध गेला. आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांनी या चित्रांवर नाटकीपणाचा आणि भारतीय भावाच्या अभावाचा ठपका ठेवला. लोकप्रियतेचे काय, असे विचारल्यास उत्तर तयार असे आणि आजही असते: लोक हात जोडतात ते देवाला, चित्राला नव्हे. भक्ती घरात आधीपासून होतीच, चित्राने ती निर्माण केली नाही, सबब तिचे श्रेय चित्राला नाही.

हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. टॉल्स्टॉयच्या कसोटीलाही तो अडचणीत आणतो. कलावंताने अनुभवलेली भावना पाहणाऱ्यात संक्रांत झाली पाहिजे, असे टॉल्स्टॉय म्हणतो (आणि त्या कसोटीवर स्वतःच्या दोन लहान कथा वगळता आपले सारे ललित लेखन बाद करतो, हे त्याचे धाडस विलक्षणच). पण पाहणारा भावनेने आधीच भरलेला असेल, तर संक्रांत झाले ते काय? येथपर्यंत आक्षेप मान्य करावा लागतो.

परंतु आक्षेप घेणाऱ्यांना आपल्या देवघराचा विसर पडलेला दिसतो. पूजेला आपल्याकडे चित्र लागत नाही. सत्यनारायणाच्या पूजेत गणपती म्हणून सुपारी मांडतात. विष्णूला शाळिग्राम पुरतो, म्हसोबाला शेंदूर फासलेला धोंडा. भक्ती ज्या समाजात सुपारीवर तृप्त होते, त्या समाजाने पदरचे पैसे मोडून, काच-चौकट करवून, रंगीत लक्ष्मी आणि सरस्वती घरी का आणाव्यात? सुपारीने न भागणारी एक भूक होती म्हणूनच. ती भूक डोळ्यांची होती. तिला कलास्वाद म्हणावयाचे नसेल, तर दुसरे कोणते नाव द्यावयाचे हे आक्षेपकांनी सांगावे.

शिवाय सगळ्याच तसबिरी देवांच्या नव्हत्या. वऱ्हाडात माझ्या आजोळी माजघरात हंस आणि दमयंती यांचे चित्र होते. तिला कोणी फूल वाहत नसे, उदबत्ती ओवाळीत नसे. कठड्यावर हंस आणि त्याचे बोलणे ऐकत थबकलेली दमयंती, एवढाच प्रसंग. दमयंती ही विदर्भाची राजकन्या, म्हणजे तेथील बायकांना माहेरचीच. तिचे लुगडे त्यांच्या ओळखीचे, उभे राहण्याची ढबही ओळखीची. दुपारी निवडण-टिपण करताना माझी आजी मान वर करून तिच्याकडे पाही. ‘अजून ऐकतेच आहे मेली,’ असे एकदा ती म्हणाल्याचे स्मरते. चित्रातला क्षण संपत नाही, ही जाणीव सौंदर्यशास्त्राच्या परिभाषेत मांडावयास आपल्याला प्रकरणभर जागा लागते. अभिनवगुप्तांनी ज्याला सहृदय म्हटले, त्याची निवड करताना आपण पदवी पाहतो, हे काही बरे नव्हे.

याचा अर्थ बहुतांना जे भारून टाकते ते श्रेष्ठच, असे मला म्हणावयाचे नाही. या तसबिरींचा जमाखर्च मांडताना खर्चाची बाजूही मोठी आहे. एकाच गौर वर्णाच्या, एकाच चेहरेपट्टीच्या देवी घरोघरी गेल्या आणि देवीचे रूप म्हणजे तेच, असे मनात ठसले. पिंगुळीची चित्रकथी, पैठणला सापडलेली ती धारदार डोळ्यांची, नाचऱ्या रेषेची चित्रे, ही पाहण्याची एक निराळीच रीत होती. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ती आज पाहावयास मिळतात. माजघरातून मात्र ती गेली. प्रभावी कलाकृती डोळे उघडते तशी इतर दारे बंदही करते. हा तिचा दोष म्हणावा की सामर्थ्य, याचा निर्णय मला करता आलेला नाही. पण असा प्रश्न पडण्यासाठीदेखील त्या कृतीला प्रथम कला म्हणून समोर घ्यावे लागते.

भारत सरकारने १९७९ मध्ये रविवर्म्यांच्या चित्रकृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. विद्वानांचा जुना निकाल असा कायद्याने फिरला, पण हा मान पोहोचला तो चित्रकाराच्या हातच्या चित्रांपर्यंत. ज्या छापील प्रतींनी लोकांना भारले, त्या जुन्या झाल्या की काच फुटलेल्या अवस्थेत पिंपळाच्या पारावर जातात. येथे दिल्लीतही यमुनेच्या बाजूला त्यांचा ढीग मी पाहिला आहे.

माझ्याजवळ अशी एक तसबीर आहे. लक्ष्मीची. माझ्या आजीची धाकटी बहीण विसाव्या वर्षी विधवा होऊन त्या घरी राहिली. लग्नातला शालू तिला पुन्हा नेसावयाचा नव्हता. तिने त्याचे जरीचे काठ कापले आणि छापील लक्ष्मीच्या साडीवर खळीने घडीघडीने बसविले, दागिन्यांच्या जागी टिकल्या व मणी लावले. छापील चित्रे अशी सजविण्याची चाल त्या काळी पुष्कळ घरांत होती, यात तिचे एकटीचे असे काही नाही. तरी निऱ्या ज्या हिशेबाने पडल्या आहेत, आणि पदराशी जर जेथे तिने मुद्दाम संपविली आहे, ते पाहताना हा हात नुसता वेळ घालवीत नव्हता याची खात्री पटते.

एका जाणकार स्नेह्यांना मी ती दाखविली. वरचे कापड काळजीपूर्वक काढून टाकल्यास खालच्या छापाला मोल येईल, असे त्यांनी सांगितले. त्यांचा सल्ला प्रामाणिक होता. तसबिरीच्या पाठीमागे चिकटविण्यासाठी त्यांनी नोंदीचा एक छापील कागदही दिला. कृतीचे नाव, माध्यम, काळ हे रकाने मी भरले आहेत. कलावंताच्या नावाचा रकाना अद्याप कोरा आहे.