सूरच्या गाठी आणि सुटकेस

आजचं सूर म्हणजे शलमोन राजाला देवदार पाठवणाऱ्या हिरामचं सोर नव्हे. हे ओमानमधलं, गलबतं बांधणाऱ्या सुतारांचं. 1980 साली टिम सेव्हरिन यांनी इथेच 'सोहार' गलबत बांधून घेतलं. लाकूड मलबारचं, खिळा एकही नाही, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या! 1981 च्या जुलैत ते चीनला कँटनला पोचलं.

जुने अरब नाखवे 'कमाल'ने वाट काढत. लाकडाची चौकोनी पाटी, मधून दोरी, दोरीला गाठी. गाठ दातात धरून दोरी ताणायची. पाटीची खालची कड क्षितिजावर, वरची ध्रुवावर. दोन्ही जुळलं की बंदराच्या रेषेत आलो, आता नाक सरळ धरून चालायचं. एका बंदराची एक गाठ, बरं का.

मुलांनो, तुमच्या कंप्युटरातल्या आभासी जगांचंही असंच आहे. 2003 साली निघालेलं 'सेकंड लाइफ' हे एक बेटच. 2008 च्या जुलैत आयबीएम आणि लिंडन लॅब यांनी तिथल्या चाचणीच्या भागातून 'ओपनसिम'च्या जगात अवतार पाठवून दाखवले. अवतार पोचले, कपडेलत्ते मागेच राहिले! आपल्यातले कितीजण असेच उतरले होते, आजोबांना विचारा.

मग कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापिका क्रिस्टिना लोपेस यांनी 'हायपरग्रिड' काढलं. ओपनसिमची जगं ज्याची त्याच्या सर्व्हरवर. नकाशात दुसऱ्या जगाचा पत्ता टाकायचा (ही झाली त्याची गाठ), की अवतार तिकडे. नावापुढे मात्र घरच्या जगाचा पत्ता राहतो. आपण नाही का, कुठेही गेलो तरी पेणकर, रोहेकर, नवगावकर!

सामानही घरच्याच सर्व्हरवर असतं. परक्या जगाचा मालक लबाड निघाला तर सगळ्या पेटाऱ्यात हात घालील, म्हणून पुढे 'सुटकेस'ची सोय आली. बाहेरच्याला तेवढीच उघडता येते. नेमकं काय भरायचं ते निघण्याआधी ठरवा. ही पंचाईत आजीला चांगली ठाऊक आहे.

आणि घरचा सर्व्हर बंद पडला तर? परकं जग तुमची ओळख घरी विचारून पटवतं. घरून उत्तर नाही आलं, तर दारातूनच परत. सर्व्हर आपला असेल तर सारं सामान 'आयएआर' नावाच्या एका फाइलीत बांधून ठेवता येतं. ती आधी करा, मग खुशाल हिंडा.