ओळख असू द्या!

आपल्या मध्यमवर्गीय माणसाला सर्वांत जड जाणारे वाक्य कोणते म्हणाल, तर "माझे तुमच्याकडे एक काम होते" हे! शेजारणीकडे विरजण मागताना आपल्याला मुळीच संकोच वाटत नाही. पण नोकरीसाठी कुणाला विचारायचे म्हटले की जीभ टाळ्याला चिकटते. त्यातून स्वतःविषयी चार बरे शब्द लिहायचे, म्हणजे तर आत्मस्तुतीच की हो!

आमच्या भाचीचे असेच झाले. जमाखर्चाच्या कामात नऊ वर्षे काढली, मग मुलासाठी सहा वर्षे घरी राहिली. आता पुन्हा नोकरी हवी म्हणून तिने संगणकावरून शंभराच्या वर अर्ज धाडले. धड नकारही येईना. "मावशी, मी आता बाद झाले ग," असे ती म्हणाली, तेव्हा मात्र मी हातातला सोऱ्या खाली ठेवला.

लिंक्डइनवर तिचे खाते होते, पण कसे? जुना फोटो, नाव आणि पुढे "नोकरीच्या शोधात" एवढेच. दारावर पाटी लावून आत कडी घालून बसावे, तसे! हे संकेतस्थळ २००३ साली अमेरिकेत सुरू झाले आणि २०२३ साली त्याचे सभासद १०० कोटींच्या वर गेले. एवढ्या जत्रेत नुसते उभे राहून कोण विचारणार?

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक गमतीची गोष्ट दाखवून दिली. ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना त्याने विचारले, की ही बातमी सांगणारा माणूस तुम्हांला कितीदा भेटत असे? नेहमी भेटणारा माणूस निघाला जेमतेम १७ टक्क्यांच्या बाबतीत; बाकीच्यांचा अधूनमधून किंवा क्वचित भेटणारा! कारण उघड आहे. आपल्या घरच्यांना जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊकच असते. पुढे लिंक्डइनच्याच दोन कोटी सभासदांवर केलेले प्रयोग २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात आले. त्यांतही मधल्या ओळखीच अधिक कामाच्या ठरल्या. म्हणजे ज्यांना आपण लग्नाला बोलावतो पण केळवणाला नाही, अशा!

मग भाचीने पाटी बदलली. "जमाखर्च व जीएसटी विवरणपत्रे, नऊ वर्षांचा अनुभव" असे स्वच्छ लिहिले. सहा वर्षांचा खंड ती लपवणार होती. पण असा खंड नोंदवण्याची सोयच तिथे २०२२ पासून आहे. त्याच सहा वर्षांत तिने सोसायटीचे हिशेब बिनपगारी सांभाळले होते. "ते काय लिहायचे, मावशी?" अग, दमडीची चूक न होता सभेत हिशेब मंजूर होणे म्हणजे काय खायचे काम आहे?

त्यानंतर जुन्या कचेरीतल्या, आता दुसरीकडे गेलेल्या बाराजणांना तिने पत्रे लिहिली. "नोकरी द्या" असे एकातही नाही. "तुमच्याकडे हल्ली कोणते सॉफ्टवेअर वापरतात? मी काय शिकून घेऊ? दहा मिनिटे फोनवर बोलाल का?" एवढेच. नोकरी मागितली की माणूस आक्रसतो, सल्ला मागितला की फुलतो. (आमच्याकडे 'हे' तर न मागताच फुलतात!) पाचजणांची उत्तरे आली.

मध्यंतरी एका अनोळखी साहेबांनी घरबसल्या भरघोस पगार देऊ केला आणि नोंदणीसाठी काही हजार मागितले. नोकरी देणारा आधी पैसे मागू लागला, की तो भामटा समजावा आणि तिथेच तक्रारीचे बटण दाबावे. जन्मतारीख, आधार क्रमांक तर तिथे लिहूच नयेत. आणि रोज उठून "कळवण्यास अत्यानंद होतो" असे स्वतःचे पोवाडे गाणारे महाभागही तिथे पुष्कळ आहेत. ते नाही केले तरी चालते.

त्या पाचांपैकी एका बाईंनी भाचीचे नाव आपल्या साहेबांना सांगितले. मुलाखत भाऊबीजेनंतरच्या सोमवारी आहे. उत्तर न देणाऱ्या सातजणांनाही तिने दिवाळीच्या शुभेच्छा धाडल्या आहेत. त्यांत कामाचे अक्षरही नाही.