घर आणि शाळा : शरणपूरचे विद्यार्थी



जून जवळ आला की वस्तीत एकच चर्चा चालते, पोराला कुठल्या शाळेत घालायचे? मोठ्या शाळांची मोठी नावे कानावर येतात. मुंबईच्या कॅथेड्रल शाळेत डॉ. होमी भाभा शिकले, पुण्याच्या बिशप्स शाळेत सायरस पूनावाला शिकले. दोन्ही शाळा इंग्रजांच्या अँग्लिकन पंथाने काढलेल्या, फी भरून शिकायच्या. अशी नावे ऐकली की शाळेनेच ही माणसे मोठी केली असे वाटू लागते. घरची पुस्तके, घरचा पैसा आणि घरची ओळख मात्र हिशेबात धरायची राहून जाते.

आज आम्ही त्याच पंथाच्या दुसऱ्या एका शाळेचे विद्यार्थी आपल्यापुढे आणत आहोत. ही शाळा आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली, नाशिकची. तिथला शरणपूर रोड पुष्कळांच्या पायाखालचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने तिथे शरणपूर ही वसाहत उभी केली. त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसे गलबतांत कोंबून गुलाम म्हणून विकायला नेत. इंग्रजांचे आरमार अशी गलबते पकडी आणि सुटलेल्यांपैकी काहींना मुंबईत उतरवी. त्यांतली पुष्कळ मुले शरणपूरला आली. गाव जळालेले, आईबाप कुठे गेले ठाऊक नाही, आणि फी भरायला मागे कोणी नाही, अशी ही मुले.

शाळेत त्यांना लिहिणे-वाचणे शिकविले आणि सुतारकी, लोहारकीसारखा एखादा धंदाही हाती दिला. शाळेने एक गोष्ट काढूनही घेतली. आईबापांनी ठेवलेली नावे मागे पडली आणि जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन अशी इंग्रजी नावे त्यांना मिळाली. दुसऱ्याने ठेवलेले नाव घेऊन जगणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

डेव्हिड लिव्हिंगस्टन हा नामांकित प्रवासी १८६५ मध्ये मुंबईत आला. आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासासाठी त्याने शरणपूरचे नऊ तरुण बरोबर घेतले. १८७२ मध्ये आणखी सहा जण त्याला जाऊन मिळाले. त्यांत जेकब आणि मॅथ्यू होते. मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतला चुमा आणि मुंबई बंदरात काम केलेला सुसी हे दोघे पहिल्यापासून त्याच्याबरोबर होते.

मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबिया देशातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. बरोबरची मंडळी प्रेत तिथेच पुरून घरी जाऊ शकली असती. त्यांनी तसे केले नाही. काळीज झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. शरीर मीठ लावून उन्हात वाळविले, कापडात आणि सालीत गुंडाळले. मग दीड हजार किलोमीटरच्या वर वाट तुडवून, आजारपण, उपासमार आणि हल्ले सोसून ते समुद्रापर्यंत नेले. वाटेत भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने इथेच पुरा असा सल्ला दिला, तोही त्यांनी मानला नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयो बंदराला पोहोचले.

तिथे सरकारी अधिकाऱ्याने मजुरी हातावर ठेवली आणि त्यांना वाटेला लावले! बोटीवर एकटा जेकब गेला, तोही मिशनने भाडे भरले म्हणून. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. तिथल्या शिळेवर, विश्वासू हातांनी हे शरीर आणले, अशा अर्थाची अक्षरे आहेत. त्या हातांची नावे मात्र शिळेवर नाहीत.

पण जेकबला लिहिता येत होते. त्याने रोजनिशी ठेवली होती. लिव्हिंगस्टनच्या मृत्यूच्या वेळी हजर असलेल्या आफ्रिकी माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेली ती एकमेव हकीकत. आज अभ्यासकांना तिच्याकडे वळावे लागते. वर्षही लक्षात ठेवा, १८७३. त्याच साली झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला आणि त्याच साली महात्मा फुल्यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ निघाला. अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना तो त्यांनी अर्पण केला होता.

आम्हाला मात्र याच शाळेतला विल्यम जोन्स अधिक मोठा वाटतो. तो आफ्रिकेत परत गेला आणि मोंबासाजवळ रबाई येथे धर्मोपदेशक झाला. मालकाकडून पळून आलेल्या गुलामांना त्याने तिथे आसरा दिला. मालक चालून येण्याच्या धमक्या देऊ लागले. अखेर १८८९ च्या आरंभी मोबदला भरून अशा हजारावर माणसांची कायमची सुटका झाली. स्वतःची बेडी तुटल्यावर दुसऱ्याच्या बेडीकडे वळून पाहणारा हा विद्यार्थी. शाळेची कीर्ती यापेक्षा काय वेगळी असते?

आता आपल्या पाथर्डीकडे या. दसरा-दिवाळी झाली की तालुक्यातली बिऱ्हाडे कोयता घेऊन उसाला जातात. मुले खोपीवर राहतात, धाकट्याला सांभाळतात, वाढे गोळा करतात. परत येईतो वर्गातले अर्धे वर्ष निघून गेलेले असते. अशा आईबापाला मोठ्या शाळेचे नाव सांगून काय उपयोग? त्यांनी एवढे करावे. गाडी भरण्याआधी, पहिल्या सत्रातच, गावच्या शाळेत गुरुजींना भेटावे. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, तिची विचारपूस करावी आणि मुलाचे नाव वेळेत घालावे. आजी-आजोबा मागे राहत असतील तर पोर त्यांच्यापाशी ठेवावे. आणि बरोबर न्यायचीच वेळ आली, तर डब्या-भांड्यांबरोबर वही-पेन्सिलही न्यावी. रोज संध्याकाळी चार ओळी लिहून घ्याव्यात. कुठल्या कारखान्याला आलो, किती टन तोडले, उचल किती फिटली, एवढे लिहिले तरी पुरे. मुलाचे अक्षर सुटणार नाही, आणि मुकादमाच्या वहीशेजारी आपलीही एक वही असेल.